मुक्कामी गाडीचं गणित : युरोपची पहिली सफर कशी बसवावी

मी एसटीत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 9 वाहतूक नियंत्रक म्हणून. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मुक्कामी गाडी रात्री साडेआठला येते, पहाटे पावणेसहाला निघते. सव्वानऊ तास गाडी गावात असते, पण म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरनं आमचं गाव पाहिलं असं कोणी म्हणत नाही. पुतण्यानं मोबाइलवर काढून दिलेला युरोपचा कार्यक्रम याच जातीचा होता: 12 रात्री, 7 शहरं. बायकोनं कागद पाहिला आन् म्हणाली, "सात गावं पाह्याले चाल्लो का सात वेळा ब्यागा भराले?"

मग मीच वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, दिवस मोजू नका, रात्री मोजा. जायचा-यायचा दिवस विमानाच्या खात्यात टाकायचा. आम्हाला तर गावाहून नागपूर, तिथून मुंबई आणि मग पुढं. पोचलो त्या संध्याकाळी डोळे मिटत होते, कारण उन्हाळ्यात तिकडलं घड्याळ आपल्यामागं साडेतीन तास असतं. पहिल्या शहराला म्हणून एक रात्र जास्तीची द्यावी.

दुसरं, शहर बदलायचं तर गाडीच्या तासांत आणखी 3 तास मिळवा. रोम ते फ्लॉरेन्स जलद गाडी दीड तासात नेते. पण ब्यागा भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, उतरून हॉटेल हुडकणं हे त्या दीड तासात नसते. वर नवी खोली बहुतेक ठिकाणी दुपारी 2-3 शिवाय मिळत नाही. अर्धा दिवस गेलाच समजा. सातपैकी तीन शहरं मी इथंच खोडली. व्हेनिस खोडताना जरा जिवावर आलं.

तिसरं, रिकामी फेरी मारू नका. ज्या शहरात उतरलो तिथूनच परत उडायचं तर शेवटी उलटं येण्यात एक दिवस आणि भाडं दोन्ही जाते. विमानाचं तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' म्हणून सोय असते. आम्ही रोमला उतरलो, पॅरिसहून निघालो.

आमचा तक्ता असा बसला: रोम 4 रात्री, फ्लॉरेन्स 2, स्वित्झर्लंडमधलं लुझर्न 2, पॅरिस 4. सगळ्यात लांबचा पल्ला फ्लॉरेन्सहून मिलानला गाडी बदलून लुझर्न, सहा तासांच्या आसपास. त्यात गोटहार्डचा 57 किलोमीटरचा बोगदा लागतो. आमची शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून घराजवळ गाडीची शिटी ऐकली नव्हती, त्यामुळे मला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटला नाही. बायको झोपली होती.

तारखा ठरवायच्या आधी बंदचे वार लिहून काढा. इथं माणसं फसतात. पॅरिसचं लूव्ह्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. फ्लॉरेन्सचं उफित्सी चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. रोममधल्या व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, म्हणून तेव्हा गर्दी विचारू नका. माझ्या पहिल्या तक्त्यात फ्लॉरेन्सला रविवार-सोमवार आले होते. सगळी सफर एक दिवस पुढं सरकवली, तेव्हा उफित्सी मंगळवारी सापडलं, व्हॅटिकन शनिवारी, व्हर्साय रविवारी, लूव्ह्र सोमवारी. लूव्ह्रच्या बंदच्या मंगळवारी आमचं विमान होतं. एसटीत असं जुळलं की आम्ही चहा पाजायचो.

रात्रींचा हिशेब व्हिसालाही लागतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडं करायचा. मुक्काम सारखे निघाले तर जिथं आधी पाय टाकणार तिथं. आमचे इटलीत 6, फ्रान्समध्ये 4, स्वित्झर्लंडमध्ये 2, म्हणून अर्ज इटलीकडं. निदान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. पैसे परत मिळतील अशीच हॉटेलं धरा, म्हणजे तक्ता हलवायला मोकळीक राहते.

माझं चुकलं ते लुझर्नला. पोचलो संध्याकाळी, हाती एकच पूर्ण दिवस, आणि त्या दिवशी पाऊस. टिटलिसच्या डोंगरावर गेलो तर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. वर बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर आधी पाहता येते, हे मला परतताना कळलं. डोंगराच्या गावाला 3 रात्री द्या, एक दिवस ढगांसाठी धरून. पॅरिसची एक काढली असती तरी चाललं असतं, कारण मे अखेरीस तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि एका दिवसात दीड दिवसाचं फिरणं होते.

चार-चार मुक्कामांचा आणखी एक फायदा बायकोनं काढला: धुतलेले कपडे वाळतात. जवसाची चटणीही तिनं शहरांच्या हिशेबानं पुड्या बांधून नेली होती. पॅरिसची पुडी लुझर्नलाच संपली.

आता पुतण्या जाणार आहे, त्याला 9च रात्री मिळतात. त्याचा तक्ता मी परवा बसवला: नुसती इटली, रोम 4, फ्लॉरेन्स 3, व्हेनिस 2. पिसाचा मनोरा फ्लॉरेन्सहून गाडीनं तासाभरावर, सामान न हलवता जाऊन यायचं. व्हेनिसला मात्र रात्र राहायचंच, कारण दिवसापुरते आलेले लोक संध्याकाळी निघून जातात. तो म्हणतो, "काका, यात पॅरिस कुठंतरी बसवा ना." मी वही त्याच्याकडं सरकवली.