स्फुरद फोकू नका, पेरून द्या

पेरणी तोंडावर आली की पहिली चौकशी असते, एकरी किती गोण्या? स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत 'कुठे टाकायचं' हे आधी ठरवा.

नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर मुळांपर्यंत पोचतं. स्फुरद खताचा दाणा पडेल तिथून जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम. टाकल्यापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २५ टक्केच येतं. उरलेलं मातीच्या कणांना चिकटतं, आणि जोराच्या पावसात वरची माती वाहिली की तिच्यासोबत ओढ्याला लागतं. पुढे तळ्यात शेवाळ माजतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

म्हणून खत वरून फोकू नका. दोन चाडी पाभरीने (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत) किंवा पेरणी यंत्राने ते बियाण्याच्या बाजूला आणि खाली, साधारण ५ सेंटीमीटर अंतरावर पडू द्या. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट खत) बियाण्याला चिकटून पडलं तर त्यातल्या अमोनियाने उगवण मार खाते, ओल कमी असेल तर जास्तच. पेरणी उताराला आडवी करा, आणि ओढ्याच्या काठाला गवताचा पट्टा राखा. त्या पट्ट्यात खत नको. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर एक-दोन दिवस थांबलेलं बरं.

मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. दरवर्षी सवयीने डीएपी दिलेल्या रानात स्फुरद बऱ्याचदा साठलेलं असतं. अहवालात ते 'जास्त' असेल तर शिफारशीतून पाव हिस्सा कमी करा, 'अत्यंत जास्त' असेल तर निम्मं. असल्या रानात जस्ताची कमतरता दिसते, तिचं मूळही पुष्कळदा याच साठ्यात असतं. कोंबडीखत देत असाल तर त्यातलं स्फुरदही हिशेबात धरा; हे हमखास विसरलं जातं.

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतं. १६ टक्क्यांच्या सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत स्फुरद फक्त ८ किलो, पण सोबत गंधक मिळतं. तेलबिया आणि कडधान्यांना मी सुपर फॉस्फेटच सुचवेन, गोण्या जास्त वाहाव्या लागल्या तरी. नत्र मात्र वेगळं द्यावं लागेल. रॉक फॉस्फेट आम्लधर्मी जमिनीतच कामाचं. चुनखडीत ते विरघळत नाही.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू बियाण्याला लावणार असाल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

उगवल्यावर मक्याची पानं कडेने जांभळी दिसली तर धावत जाऊन वरून डीएपी फेकू नका. थंडीने किंवा पाणी साचून मुळं अडली तरी हाच रंग येतो. दोन-चार रोपं मातीसकट उकरून मुळं बघा. पांढरी, नवी मुळं फुटत असतील तर आठवडाभर थांबा.