कूलर बसवताना प्रोसेसर घालवू नका: या चुका टाळा

आजचा प्रोसेसर तापून सहसा जळत नाही. फार गरम झाला की तो आपणहून वेग उतरवतो आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर कॉम्प्युटर बंद पडतो. प्रोसेसर खरे जातात ते कूलर काढता-घालताना केलेल्या घाईने.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे जुना कूलर थंड असताना सरळ वर ओढणं. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खाचेत) बसणाऱ्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. सॉकेटची दांडी त्या पिना बाजूने धरते, प्रोसेसरला वरून दाबून ठेवणारं काहीच नसतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट वाळून चिकटली असेल तर दांडी लावलेली असूनही प्रोसेसर कूलरसकट उपटून येतो.

माझ्या एका मित्राचं असंच झालं. घाबरून त्याने कूलर तसाच टेबलावर ठेवला, पिना खाली. एका कोपऱ्यातल्या दोन ओळी आडव्या झाल्या. लेड भरायच्या पेन्सिलमधलं लेड काढून तिच्या पोकळ टोकाने मी भिंगाखाली एकेक पिन उभी करत दोन तास बसलो. शेवटून दुसरी पिन मुळातून तुटली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण रॅमची एकच पट्टी दिसत होती. दुसरी पुन्हा कधी दिसलीच नाही.

मी आधी पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवतो, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग मशीन बंद, वायर बाहेर, स्क्रू सैल. कूलर बरणीच्या झाकणासारखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा. सुटल्याचं हाताला कळलं की मगच उचलायचा. हे माहीत असूनही “एवढा वेळ कोण घालवणार” म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

इंटेलच्या आणि एएमडीच्याच नव्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरला ही भीती नाही, कारण त्यांना वरून चौकट दाबून धरते. पण तिथे पिना सॉकेटमध्ये असतात. बोट लागलं किंवा स्क्रू पडला तर मदरबोर्ड गेला. प्रोसेसर हातात येईपर्यंत सॉकेटवरचं झाकण काढू नका.

स्क्रू एका कोपऱ्यातला पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका, कूलर तिरका बसतो. एएमडीच्या जुन्या ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरच्या काळात चिप उघडी, वर धातूचं झाकण नसलेली असायची आणि अशा दाबाने तिचा कोपरा उडायचा. लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डात ती आजही उघडीच असते. समोरासमोरचे स्क्रू आलटून-पालटून, दोन-दोन वेढे. स्क्रू थांबला की तुम्हीही थांबा.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.

कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढा. दर वर्षी कुणीतरी विसरतंच.

लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू, नवख्यांनी लावूच नये. त्यातून वीज वाहते, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमचा कूलर पोखरून टाकतं.