गॅसवरचा फ्रिज: व्हॅन काढण्याआधी

आधी गाडी सपाट. बाकी सगळं त्यानंतर.

कॅम्पर व्हॅनमधल्या गॅसच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. खालच्या ज्योतीने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन निवतो, द्रव होतो आणि नळ्यांच्या उतारावरून आपोआप खाली येतो. त्याला ढकलणारं दुसरं काही नाही. गाडी कलली की द्रव वाटेत अडकतो आणि बॉयलर, म्हणजे ज्योतीवरचा भाग, कोरडा तापतो. नळ्या गंजू नयेत म्हणून आत जो क्षार घातलेला असतो, त्याचे खडे होऊन वाट बुजते. ती पुन्हा मोकळी होत नाही. गोव्यात मोरजीला वाळूच्या उतारावर गेल्या खेपेला माझ्याकडून हेच बघायचं राहिलं, म्हणून ही यादी.

तर गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ घ्या. ती डॅशबोर्डवर नाही, फ्रीझरच्या तळावर ठेवायची, आडवी आणि उभी दोन्ही. बहुतेक फ्रिज बाजूला ३ आणि पुढेमागे ६ अंशांपर्यंत सोसतात, पण अंश मोजत बसू नका, बुडबुडा मधे आणा. चाकांखाली घालायला जाड फळ्या हव्यात. माणसं चढली, पाण्याची टाकी भरली की पुन्हा बघा. वाळूत चाक रात्रीतून रुततं, म्हणून झोपण्याआधी बघा आणि सकाळीही बघा.

सिलिंडर, वॉशर, पाना, लायटर हे सांगायला नकोच. नळीवरची मुदत वाचा. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो. फ्रिजच्या पाटीवर दुसरा आकडा असेल तर हा रेग्युलेटर जोडू नका. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघा, काडी पेटवून कधीही नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास घ्यायचा तर खाली वाकून घ्या.

गाडी पावसाळाभर उभी होती? मग बर्नर उघडाच. कुंभारीण माशीचं मातीचं घर, कोळ्याचं जाळं, खाऱ्या हवेचा गंज, यातलं काहीतरी सापडणारच. जेटच्या, म्हणजे गॅस येतो त्या तोटीच्या, भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. स्पिरिटमध्ये बुडवून वाळवा.

आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर लावून ठेवा. त्याला गार व्हायला तास नाही, रात्र लागते. आत गार बाटल्याच ठेवा. म्हापशाच्या बाजारातले बांगडे बर्फाच्या पेटीत जाऊ देत, हा फ्रिज त्यांना गार करू शकणार नाही.

पेटवताना आधी शेगडी लावा, म्हणजे पाइपातली हवा निघून जाते. मग वीज बंद, बटण गॅसवर, पूर्ण मोठं. ते दाबून धरा, ठिणगी द्या, काचेतून निळी ज्योत दिसली तरी अर्धा मिनिट सोडू नका, थर्मोकपल, म्हणजे ज्योत आहे की नाही ते ओळखणारी सळई, तापायला हवं. सोडल्यावर विझली तर थर्मोकपलचं टोक ज्योतीत आहे का, नट सैल आहे का, काजळी आहे का ते बघा. मुळीच पेटत नसेल तर बटण बंद करून दारं उघडा, पाच मिनिटं थांबा. घाईने ठिणग्या मारत राहू नका, साचलेला गॅस भडकतो. समुद्राचा वारा थेट फ्रिजमागच्या हवेच्या जाळीवर येत असेल तर गाडी फिरवा. आणि फिरवलीत की पुन्हा पाणसळ!

ज्योत ठीक, पण गार होत नाही? आधी पाणसळ. मगच धुरांड्यातली काजळी. ज्योत पिवळी असेल तर बर्नर पुन्हा साफ करा. एप्रिल-मेमध्ये जाळीची बाजू सावलीत ठेवा, मागे छोटा पंखा बसवा. अमोनियाचा वास आला किंवा नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर लगेच बंद करून दारं उघडा; ते युनिट गेलं.

पेट्रोल पंपावर गॅस बंद. रायबंदर–चोडण असो की केरी–तेरेखोल, फेरीबोटीच्या रांगेत लागण्याआधीच बंद. उतरून मुक्कामाला पोचलात की पाणसळ, मगच ज्योत.

झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. परतल्यावर सिलिंडर बंद, फ्रिज पुसून दार किलकिलं.