भोंग्याचा ग्रामोफोन बघायला जाताना

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ग्रामोफोन बघायला जायचं ठरलं असेल, तर पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवा. बारीक टॉर्च, छोटं लोहचुंबक, स्क्रू ड्रायव्हर, नव्या पोलादी पिनांची डबी आणि घरातली एक ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) रेकॉर्ड, खराब झाली तरी हळहळ वाटणार नाही अशी. रेकॉर्ड स्वतःचीच हवी, कारण तिची खरखर आपल्याला पाठ असते. नंतरच्या काळातली एलपी रेकॉर्ड मात्र नेऊ नका. ग्रामोफोनच्या जड साउंड बॉक्सखाली, म्हणजे पिन बसवायच्या आणि आवाज काढणाऱ्या गोल डबीखाली, तिचं एका वाजवण्यातच वाटोळं होतं.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा. चकचकीत पितळी भोंगा, आठकोनी पेटी आणि दर्शनी बाजूला एचएमव्हीच्या (हिज मास्टर्स व्हॉइस) कुत्र्याचा पितळी बिल्ला, ही तिन्ही एकत्र दिसली तर ते यंत्र बहुतेक अलीकडे जुळवलेलं असतं. असा माल आपल्याच देशात तयार होतो आणि परदेशातही जातो. आतली मोटर पुष्कळदा खरोखर जुनी असते, मोडीत निघालेल्या एखाद्या पोर्टेबलमधून, म्हणजे सूटकेससारख्या ग्रामोफोनमधून, काढलेली. त्यामुळे ‘साहेब, अस्सल आहे, चावी देऊन बघा’ यातलं निम्मं खरं असतं, पैसे मात्र पूर्ण मागितले जातात.

म्हणून वाजवून बघण्याआधी पेटी उघडायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर हुज्जत न घालता पुढचं दुकान गाठा. आत टॉर्च मारून लाकूड बघा. जुन्या पेटीच्या आतल्या, पॉलिश न लागलेल्या भागावर काळपटपणा हळूहळू चढलेला असतो. नव्या पेटीत प्लायवूड दिसतं किंवा सगळीकडे सारखाच तांबूस रंग फासलेला असतो. मग स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले, तेव्हा ‘१९१०चा आहे’ म्हणून दाखवलेल्या यंत्रात ते असतील तर निदान तेवढा भाग तरी नंतरचा. आणि मोटर जिथे बसवली आहे तिथे कशालाच न लागणारी भोकं दिसली, तर ती मोटर आधी दुसऱ्या कुठल्यातरी पेटीत नांदत होती असं समजा.

भोंग्याला लोहचुंबक लावा, पण घाईने निष्कर्ष काढू नका. ‘पितळी’ म्हणून विकला जाणारा भोंगा चुंबकाला चिकटला तर तो मुलामा दिलेला पत्रा आहे. पण फुलासारख्या पाकळ्यांचे कितीतरी अस्सल भोंगे रंगवलेल्या पत्र्याचेच होते. त्यांच्यावरचा मूळ रंग, पोपडे धरलेला का असेना, मोलाचा. तो खरवडून नवा दिलेला असेल तर भाव पाडून मागा. साउंड बॉक्स हातात घ्या आणि अक्षरांवरून नख फिरवा. जुन्या कामाची अक्षरं रेखीव असतात, नकली ओतकामात त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या लागतात. जुन्या साउंड बॉक्समधला पडदा पुष्कळदा अभ्रकाचा असतो. तो उजेडात धरून तडा गेलाय का, थर सुटलेत का तेही पाहून घ्या.

कुत्र्यावर फार विसंबू नका. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर तो १९०९च्या सुमारास आला. त्याआधी तिथे लिहित बसलेला देवदूत असे. तेव्हा ‘यंत्राबरोबरच आलेली १९०२ची रेकॉर्ड’ म्हणून कुत्रा छापलेली तबकडी पुढे केली तर हसू आवरा. गंमत म्हणजे फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात तो कुत्रा तबकडीऐवजी नळकांडं वाजवणाऱ्या फोनोग्राफसमोर बसला होता. १८९९मध्ये त्यावर रंग चढवून तिथे ग्रामोफोन काढला गेला. म्हणजे यंत्राची अदलाबदल चित्रातही झालेलीच आहे!

आता वाजवा. चावी सावकाश भरा. आत धप्प आवाज आला तर स्प्रिंगमधलं ग्रीस घट्ट झालंय, चावी नुसतीच गरगर फिरत राहिली तर स्प्रिंग तुटलेली असू शकते. रेकॉर्डच्या कडेखाली कागदाची पट्टी अडकवून अर्ध्या मिनिटाचे फेरे मोजा, ३९ भरायला हवेत. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू साधारण तीन मिनिटांची; ती संपेपर्यंत सूर खाली उतरता कामा नये. प्रत्येक बाजूला नवी पिन लावा.

माझं मत विचाराल तर भोंग्याचा हट्ट सोडा आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली काळी सूटकेस उघडायला लावा. एचएमव्हीचं १०२ हे पोर्टेबल १९३१मध्ये आलं आणि पुढे बरीच वर्षं बनत राहिलं. ते दिवाणखान्यात मिरवत नाही, पण मूळचा साउंड बॉक्स, चावी आणि पिनांची वाटी शाबूत असेल तर पैसे देऊन पस्तावायची वेळ येत नाही.

किंमत ठरवताना मोटर, पेटी, भोंगा, टोनआर्म (साउंड बॉक्स धरणारी पोकळ नळी) आणि साउंड बॉक्स यांचा मनात वेगवेगळा हिशोब करा. जो भाग नंतरचा, तो फक्त शोभेचा धरा. पावतीवर ‘जुना ग्रामोफोन’ एवढ्यावर भागवू नका, कोणता भाग मूळ आणि कोणता बदललेला हे लिहून घ्या. यंत्र परदेशातल्या नातेवाइकांसाठी असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षं ओलांडलेली पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरी आणताना साउंड बॉक्स काढून वेगळा गुंडाळा, भोंगा मांडीवर घ्या, आणि पितळ दिसलं म्हणून लगेच पीतांबरी लावायला बसू नका.