अंगण, ओसरी, परस: मुलांना घराबाहेरचे शब्द शिकवताना या चुका टाळा

ओसरी म्हणजे काय? ‘अंगण.’ पडवी म्हणजे? ‘अंगणच.’ आणि ओटा? ‘स्वयंपाकघरात असतो तो.’ सात-आठ वर्षांच्या मुलांकडून अशी उत्तरं येतात तेव्हा दोष त्यांचा नसतो. आपण शब्दापुढे बरोबरचं चिन्ह काढून दुसरा शब्द लिहितो आणि अर्थ शिकवल्याचं समाधान मानतो. हे शब्द वस्तूंचे नाहीत, जागांचे आहेत, आणि जागा कळते ती घराच्या दारापासून. दार दाखवल्याशिवाय परस शिकवणं म्हणजे उजवा हात न दाखवता डावा शिकवणं.

समानार्थी शब्द देऊन मोकळं होणं

ही सगळ्यात मोठी चूक. त्याऐवजी प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारायची सवय लावा: डोक्यावर छप्पर आहे का? दाराच्या पुढे की मागे? तिथे चढून जायचं की आत शिरायचं?

अंगण दारापुढे, उघड्यावर, जमिनीच्या पातळीला. ओटा म्हणजे दाराला लागून बांधलेला चौथरा, पायरी चढून जायचा. ओसरीला छप्पर असतं, पण पुढची बाजू मोकळी. पडवी ही मूळ घराला जोडून उतरतं छप्पर काढलेली जागा, बहुधा बाजूला किंवा मागे. आणि परस घराच्या मागे, उघड्यावर. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू आणि केळ लावलेली असते, कडेला शेवगा किंवा कढीपत्ता, भिंतीला टेकून लाकूडफाटा. अळूचं पान पुस्तकात दाखवण्यापेक्षा ‘अळू मोरीपाशीच का लावतात?’ हे विचारा. परस शब्द पुन्हा विसरला जात नाही.

चित्रावर भागत नसेल तर जमिनीवर घर काढा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने साधारण दहा फूट लांब-रुंद चौकोन आखा, एका बाजूला दाराची जागा मोकळी सोडा. दारापुढे पाट ठेवला की ओटा झाला. दोन खुर्च्यांवर चादर टाकून ती दाराला चिकटवली की ओसरी. मग हुकूम सोडा: ‘ओट्यावर उडी! परसात पळ! ओसरीत बस!’ एका वेळी पाचच शब्द घ्या. दहा घेतले की मुलं नुसती पळतात, ऐकत नाहीत. पडवी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा, कारण ओसरी पक्की होण्याआधी ती आली की दोन्ही हमखास उलटसुलट होतात.

‘छतावर पतंग उडवतोय’

ही हिंदीची उसनवारी. हिंदीत ‘छत’ म्हणजे गच्चीसुद्धा. मराठीत छत खोलीच्या आतून, मान वर करून दिसतं. पंखा छताला टांगतात, पतंग गच्चीवरून उडवतात. मुलाला जमिनीवर उताणं झोपवा आणि विचारा, काय दिसतंय? ते छत. ‘अंगन’ हाही हिंदीचाच परिणाम. मराठीत शेवटी ण आहे. तो ठसवायचा तर अंगणाचे नातेवाईक एका ओळीत लिहा: पटांगण, क्रीडांगण, रणांगण. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या बालकेंद्रांचं अंगणवाडी हे नावही याच शब्दावरून आलं. अंगण नपुंसकलिंगी हेही वेगळं घोकायला नको, ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हटलं की झालं.

यार्डचं भाषांतर डोळे मिटून करणं

परदेशात वाढणारी मुलं घरामागच्या हिरवळीला ‘मागचं अंगण’ म्हणतात. ते समजतं, चूकही म्हणता येणार नाही, पण परस किंवा परसदार हा नेमका शब्द हाताशी असताना काटकसर कशाला? उलट, पुण्यातल्या मार्केट यार्डाला किंवा रेल्वेच्या यार्डाला अंगण म्हणून चालणार नाही. तिथे यार्ड हाच मराठीत रुळलेला शब्द. गोंधळ वाढवणारा तिसरा यार्ड मोजमापाचा. त्याला मराठीत वार म्हणतात: तीन फूट, म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. आजीची नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. साडी गच्चीवर उलगडून पट्टीने मोजू द्या, आजीची परवानगी घेऊन.

‘त’ लावायचा की ‘वर’?

‘ओट्यात बसलो’, ‘पारात खेळलो’. शब्द बरोबर, प्रत्यय चुकला. इथे तिसरा प्रश्न उपयोगी पडतो. चढून जायचं असेल तर वर: ओट्यावर, गच्चीवर, पारावर (पार म्हणजे वडा-पिंपळाभोवती बांधलेला कट्टा). आत शिरायचं किंवा चहूबाजूंनी हद्द असेल तर त: अंगणात, पडवीत, परसात, गॅलरीत. ओसरी मात्र दोन्ही घेते. ती चौथऱ्यावरही असते आणि छपराखालीही, त्यामुळे ‘ओसरीवर’ म्हणणाऱ्याला टोकू नका. माळ उघडा आणि बिनहद्दीचा, म्हणून माळावर. ‘ओटावर’, ‘मळात’ असं मूल म्हणत असेल तर अडचण प्रत्ययाची नाही, सामान्यरूपाची आहे. ओटा-ओट्यावर, वाडा-वाड्यात, मळा-मळ्यात ही जोडी तालात म्हणवून घ्या.

क्रियापदांचंही तसंच. सध्या सगळं ‘बनवलं’ जातं. रांगोळी काढतात, सडा घालतात, अंगण शेणाने सारवतात, कुंपण घालतात, पार बांधतात.

एकच अर्थ सगळ्या महाराष्ट्राला लावणं

देशावर खळं म्हणजे मळणीची जागा: चोपून, सारवून कडक केलेली गोल जमीन, मध्ये तिवडा म्हणजे लाकडी खांब रोवलेला, त्याभोवती बैल फिरत. सिंधुदुर्गात घरापुढच्या अंगणालाच खळं म्हणतात. मालवणचं मूल ‘खळ्यात खेळतोय’ म्हणालं तर लाल रेघ मारू नका. दोन्हीकडच्या मुलांना चंद्राभोवतीचं खळं दाखवता आलं तर उत्तमच.

वाडीचे तर तीन अर्थ: छोटी वस्ती, कोकणातली नारळी-पोफळीची बाग, आणि गिरगावातल्या खोताच्या वाडीसारखी शहरातली जुनी वसाहत. वाक्य दिल्याशिवाय यातला कुठला अर्थ हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही, मग परीक्षेत सुटा शब्द का विचारावा? चौकाचंही हेच. रस्त्यावर चार वाटा मिळतात तो चौक, आणि वाड्याच्या पोटात आभाळ दिसतं तोही चौक. त्याच्या चारही बाजूंना सोपे (म्हणजे ओसऱ्या) असले की वाडा चौसोपी.

फ्लॅटमधल्या मुलाला यातलं काहीच रोज दिसत नाही, ही अडचण खरी आहे. पण त्याच्याकडेही आवार आहे, जिना आहे, गच्ची आहे, कुंपणाची भिंत आहे. तिथून सुरुवात करा. पावसाळ्यात पार्किंगच्या पत्र्यावरून पाण्याच्या धारा ओळीने गळतात, त्या पागोळ्या. पत्र्याची जी खालची कड त्यांना सोडते ती वळचण.