नव्याने पॉलिश केलेली स्वयंपाकघरातली कपाटं : आधी करून ठेवायची तयारी

पॉलिशवाल्याचा हिशेब करण्याआधी शेवटचा हात कशाचा मारला ते विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी साफसफाई त्यावरच ठरते. चपडा म्हणजे लाखेचं पॉलिश, ते स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून सॅनिटायझरचा हातही नको. कुकरची वाफ बसली तरी त्यावर पांढरे डाग उठतात. लॅकरला थिनर वर्ज्य. पीयू (पॉलियुरेथेन) या दोन्हींपेक्षा दणकट, पण हिरवी घासणी फिरली की त्याचीही चमक गेली. शेडचा नंबर त्याच कागदावर असू द्या आणि उरलेला रंग छोट्या बाटलीत घट्ट झाकून ठेवा, मुठीजवळचे ओरखडे बुजवायला तोच लागेल.

वरून कोरडं झालं म्हणून घाई नको. पीयू पक्कं व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, ऑइल पेंटला ३-४ आठवडे. तोवर फक्त कोरडं फडकं. फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरू नका, ते चिकटतं. दारांच्या आतल्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावून घ्या.

नंतर मऊ सुती फडकी दोन ठेवा, एक ओलं, एक कोरडं. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, फडकं घट्ट पिळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. सावजी रस्सा झाला की शेगडीजवळची दारं त्याच रात्री पुसा. तेल आठवडाभर राहिलं की चिकट थर होतो, मग लोक सोडा आणि तारेची घासणी काढतात, आणि पॉलिश तिथेच संपतं.

आपल्या नागपूरच्या हवेचं वेगळं बघावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लाकूड आक्रसतं; पावसाळ्यात तेच फुगतं. कूलरचा झोत कपाटांवर येऊ देऊ नका. उन्हाळ्याआधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून घ्या. आणि जुलैत दार अडकलं तर कृपा करून सुताराला रंधा मारू देऊ नका. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते, दार बहुतेक आपोआप सैल होतं. रंध्याने मात्र कडेचं पॉलिश निघतं आणि उघडं लाकूड पुढच्या पावसात जास्तच पाणी पितं.

सिंकखालच्या दाराची खालची कड हात घालून तपासा. पॉलिशवाले ती बरेचदा कोरी सोडतात. तसं असेल तर पैसे देण्याआधीच तिलाही हात मारून घ्या.