वेल्डिंग मशीनवरचं लेबल पुसलं जाऊ नये म्हणून

फॅब्रिकेशनच्या दुकानात मशीनवरचं शॉकच्या धोक्याचं लेबल ग्राइंडिंगच्या काळ्या धुळीखाली जातं. उरलंसुरलं थिनरचं फडकं पुसून टाकतं. मग नव्या पोराला काय दाखवणार?

१. मशीन नवं असतानाच लेबल आणि रेटिंग प्लेट (करंट, व्होल्टेज वगैरे आकड्यांची पट्टी), दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढा.

२. लेबल कोरड्या फडक्याने पुसून वर रुंद पारदर्शक टेप लावा, कडांच्या बोटभर बाहेर जाईल अशी. काळी पडली की फक्त टेप बदलायची.

३. फोटोची प्रिंट लॅमिनेट करून मेन स्विचजवळ टांगा. त्यावर मार्करने मराठीत दोन गोष्टी लिहा, कारण प्लेट सहसा कोणी वाचत नाही. एक, ड्यूटी सायकल: ६० टक्के असेल तर प्लेटवर त्याच्यासोबत दिलेल्या करंटला १० मिनिटांत ६ मिनिटंच वेल्डिंग. दुसरी, चौकोनातलं इंग्रजी ‘एस’ अक्षर. ते असेल तरच ओल्या किंवा अडचणीच्या जागी, म्हणजे टाकीत वगैरे, ते मशीन वापरायचं. तेव्हाही मशीन टाकीबाहेरच.

पुसण्याआधी मेन बंद करून प्लग काढा. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही, आत सप्लाय येतच असतो. आणि टेप हवेच्या जाळीवर येऊ देऊ नका.